साखर बाजूला ठेवा, मग माचा चाखा: वनस्पतीजन्य दुधातल्या हिरव्या पेयाची चव कशी घ्यावी

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा इंदिरानगरातल्या एखाद्या नव्या कॅफेत मेनूकार्ड उघडा, हिरवा कोपरा बहुधा सापडतोच. ओट मिल्क माचा, कोकोनट माचा, बदामाच्या दुधातला आइस्ड माचा. माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड. सुपरमार्केटात तयार टेट्रापॅक आणि नुसती ढवळायची पाकिटंही आली आहेत. प्यायलेल्या माणसाला कसं वाटलं विचारलं की दोनपैकी एक उत्तर येतं: "भारी" किंवा "गवत". माझं मत असं, की "भारी" हा शेरा बहुतेक वेळा साखरेला मिळालेला असतो आणि "गवत" हा शिळ्या पुडीला. माचा आणि दूध दोघंही न चाखता राहून जातात.

यावर उपाय एकच. पेय सुटं करायचं. पूड वेगळी, दूध वेगळं, गोडवा वेगळा. प्रत्येक भाग एकटा चाखायचा आणि मगच एकत्र करायचा. रविवारची एक सकाळ पुरते. गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत कधी टेस्टिंग केलं असेल, तर यातलं निम्मं तुम्हाला ओळखीचं वाटेल. तिथे ग्लास फिरवून टॅनिनवर, म्हणजे वाइनच्या तुरटपणावर, बोलणारा नाशिककर माचाच्या कपापुढे मात्र "छान आहे" एवढ्यावर थांबतो, हे मला पटत नाही.

आधी पुडीची कुंडली

माचा म्हणजे चहाच. आपल्या सकाळच्या चहाचं झाड आणि हे झाड एकाच जातीचं, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक आहे तो वाढवण्यात. तोडणीच्या सुमारे तीन आठवडे आधी जपानी शेतकरी मळ्यावर सावली धरतात. चहाच्या मुळांत थिॲनिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि पानात चढतं. भरपूर ऊन मिळालं तर त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होतं. सावलीत ते मंदावतं, म्हणून पान कमी तुरट आणि जास्त रसाळ चवीचं राहतं. कमी उजेडात भागवायचं म्हणून पान हरितद्रव्यही वाढवतं. पुडीचा तो गडद हिरवा रंग इथून येतो.

तोडलेली पानं लगेच वाफवतात, न वळता सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या पापुद्र्यांना तेन्चा म्हणतात. तो दगडी जात्यावर दळला की माचा. असं एक जातं तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड देतं, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि वास उडतो. क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे आणि दक्षिणेचं कागोशिमा ही यातली नावाजलेली ठिकाणं.

आपल्या दुकानात "ग्रीन टी पावडर" म्हणून जे स्वस्त मिळतं ते बहुधा उन्हातल्या साध्या पानांचं पीठ असतं. पेयात घालायला हरकत नाही, पण ते चाखून माचाबद्दल मत बनवू नका. डब्यावरच्या "सेरेमोनियल" आणि "क्युलिनरी" या शब्दांनाही फार भाव देऊ नका. त्यांची कायदेशीर व्याख्या जपानातसुद्धा नाही, ज्याला जे छापायचं ते तो छापतो. दुधात घालायला मी मधल्या किमतीची पूड घेतो. सगळ्यात महागडी पूड नाजूक असते, दुधात ती हरवते आणि पैसे वाया जातात.

लेबलशी पाच मिनिटं

तयार पॅक असेल तर उघडण्याआधी मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. पाकिटावर साखर पहिली आणि माचा पाचवा असेल, तर तुम्ही हिरवी साखर विकत घेताय.

माचाचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असेल तर हिशोब सोपा आहे. २०० मिलीच्या पॅकमध्ये ०.५ टक्के म्हणजे साधारण १ ग्रॅम. जपानी बांबूच्या चमच्यानं एकदा उचललेली पूड एवढीच भरते, तेव्हा हे ठीकठाक. ०.१ टक्का असेल तर ०.२ ग्रॅम, आणि त्याची चव लागली तर ती माचाची नसून फ्लेवरिंगची आहे. साखरेचंही असंच करा. १०० मिलीला ८ ग्रॅम लिहिलं असेल तर २०० मिलीत १६ ग्रॅम, म्हणजे सपाट चार चमचे.

रंगाच्या रकान्यात आयएनएस (पदार्थात वरून घातलेल्या द्रव्यांचे ठरलेले क्रमांक) १४० किंवा १४१ दिसलं तर हरितद्रव्य किंवा त्याचं तांबेयुक्त रूप वरून घातलंय. आयएनएस १०२ आणि १३३ जोडीनं दिसले तर पिवळा आणि निळा कृत्रिम रंग मिसळून हिरवा केलाय. अशा पेयाच्या रंगावरून पुडीची परीक्षा करण्यात अर्थ नाही. आयएनएस ४१८ हा जेलन गम आणि ४१२ हा गवार गम, दोन्ही दाटपणासाठी. आयएनएस ३४० म्हणजे पोटॅशियमचं फॉस्फेट. ते दूध फाटू नये म्हणून असतं आणि "बरिस्ता", म्हणजे कॅफेतल्या पेयांसाठी, असं लिहिलेल्या ओट पॅकवर हमखास दिसतं.

एक गोष्ट घरातल्या वीगन, म्हणजे दूधही न घेणाऱ्या, पाहुण्यासाठी. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे शाकाहारात दूध येतं. माचा लाटेच्या पाकिटांत दूध पावडर पुष्कळदा असते. २०२२ च्या नियमांनुसार वीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) वेगळं हिरवं चिन्ह आहे, ते पाहा, आणि ॲलर्जीच्या ओळीत दूध, सोया, बदाम यांपैकी काय आहे तेही वाचा. सोया, ओट किंवा बदामाच्या पॅकवर "मिल्क" शब्द वापरायला बंदी असल्यामुळे दुकानात "ड्रिंक" किंवा "बेव्हरेज" शोधावं लागतं. बोलताना आपण दूधच म्हणू.

वेळ, जागा, भांडी

सकाळी दहा-अकराची वेळ उत्तम. नाश्ता होऊन तासभर झालेला असावा आणि त्यात मिसळ नसावी. नाशिकमध्ये रविवारी हे सांगणं म्हणजे शिव्या खाणं, पण तर्रीनं भाजलेल्या जिभेला माचातला बारकावा कळत नाही. मिसळ चाखण्यानंतर ठेवा, बक्षीस म्हणून. नुकतेच घासलेले दात, वेलची, पान, तंबाखू आणि अत्तर हेही बाद. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल किंवा देवघरात उदबत्ती लागली असेल तर गॅलरीत बसा.

दुपारी चारनंतर मात्र नको. २ ग्रॅम माचात साधारण ४० ते ८० मिलीग्रॅम कॅफीन असतं, आणि चाखता चाखता चार-पाच ग्रॅम पूड सहज पोटात जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गर्भवतींसाठी २०० मिलीग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. वायनरीत असतं तसं थुंकण्यासाठी एक भांडं जवळ ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना रक्त कमी असल्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी जेवणाच्या आणि गोळीच्या आसपास माचा टाळावा, चहासारखंच यातलीही द्रव्यं लोह नीट शोषू देत नाहीत.

भांड्यांत काचेचे छोटे ग्लास किंवा आतून पांढरे कप घ्या आणि खाली कोरा कागद पसरा. शक्य असेल तर ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा, नसेल तर चहाचा अर्धा सपाट चमचा म्हणजे साधारण १ ग्रॅम धरा. बारीक जाळीची चहाची गाळणी लागेल. बांबूची जपानी घुसळणी, म्हणजे चासेन, असेल तर छान. नाहीतर फेस आणणारा बॅटरीवरचा फ्रॉदर किंवा घट्ट झाकणाची बाटली चालते. ताकाची रवी एवढ्याशा कपात फिरत नाही.

पाणी नीट निवडा. नव्या सोसायट्यांत बोअरचं क्षाराचं पाणी येतं, त्यात माचा निस्तेज लागतो. नळाचं गाळलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. तोंड साफ करायला साधे मुरमुरे आणि कोमट पाणी. बिस्किटं गोड किंवा खारट असतात, ती नकोत.

पहिली फेरी: नुसतं दूध

ही फेरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. दोन किंवा तीन प्रकारचं दूध घ्या, सगळं साधं, बिनसाखरेचं, व्हॅनिला नसलेलं. पॅक उघडण्याआधी जोरात हलवा, कारण वरून घातलेलं कॅल्शियम आणि दाट भाग तळाशी बसतो. न हलवता ओतलेला पहिला ग्लास पातळ लागतो आणि शेवटच्या ग्लासात खडूची चव येते. प्रत्येकाचे ५० मिली ओता आणि ते घरातल्या तापमानाला येऊ द्या.

ओटचं दूध "साखर घातलेली नाही" असं लिहिलेलं असूनही गोड लागतं. कारखान्यात एन्झाइम वापरून ओटमधल्या पिष्टाचं माल्टोज या साखरेत रूपांतर केलेलं असतं. म्हणून ओट-माचाला वरून साखर लागत नाही, आणि कॅफे ती घालतात. घट्टपणा तांदळाच्या पेजेसारखा, वास भिजलेल्या धान्याचा. घरी ओट भिजवून वाटले तर एन्झाइम नसल्यामुळे हा गोडवा येत नाही. शिवाय गरम केलं की पिष्ट फुगून ते खळ होतं. घरचं ओट दूध करायचंच असेल तर बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट फिरवा, न पिळता गाळा आणि थंडच वापरा.

सोयात १०० मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, जवळपास गाईच्या दुधाइतकी. बदामाच्या बाजारी दुधात अर्धा ग्रॅमही अनेकदा नसतं, ओटमध्ये एखादा ग्रॅम. हे आकडे लक्षात ठेवा, तिसऱ्या फेरीत त्यांचं काम आहे. सोयाचा कच्च्या शेंगेसारखा वास दाणा वाटताना होणाऱ्या एका एन्झाइमच्या क्रियेतून येतो. उकळत्या पाण्यात वाटलं तर तो बराच कमी होतो.

नारळाचं दूध ओळखीचं, त्यामुळे आपण त्याला जास्त गुण देतो. सोलकढीच्या आठवणी बाजूला ठेवून चाखा. त्यातलं स्निग्ध जिभेवर चढतं आणि शिळं असेल तर साबणासारखी चव मागे उरते.

शेंगदाण्याचं दूध घरी सहज होतं. वाटीभर दाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, चार वाट्या पाण्यात वाटून गाळा आणि दहा मिनिटं उकळा. मला ते मनापासून आवडतं, पण माचाबरोबर नाही. दाणा पुढे बोलतो आणि माचा ऐकूच येत नाही.

दुसरी फेरी: नुसता माचा

पूड आधी कोरडी बघा. कागदावर चिमूटभर घेऊन बोटानं ओढा. चांगली पूड लांब, सलग, चमकदार हिरवी रेघ सोडते. खरखर लागली किंवा रेघ तुटक आली तर दळण जाडं. पिवळट किंवा शेवाळी रंग म्हणजे उन्हातलं पान किंवा जुना डबा. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा महिन्याभरातच रंग टाकतो. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्यावर डबा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ आत धरते आणि गुठळ्या होतात.

आता २ ग्रॅम पूड गाळणीतून कपात चाळा. पाणी ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर ओतण्याची युक्ती वापरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळलेलं पाणी एका थंड कपात ओता, मग दुसऱ्या कपात. दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. दोन वेळा ओतून मिनिटभर थांबलात की काम झालं. थंडीत कप स्वतःच गार असतात, तेव्हा थांबायचीही गरज नाही.

आधी दोन चमचे पाणी घालून पेस्ट करा, मग उरलेलं, असं एकूण ७० मिली. मनगटातून इंग्रजी डब्ल्यूच्या रेघेत वेगानं फेटा. गोल फिरवलं तर फेस येत नाही आणि गुठळ्या राहतात.

चाखताना घाई करू नका. आधी वास घ्या. मग नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि तोंडात फिरवा. या क्षणी फक्त कडू, किंचित गोड, तुरट आणि रसाळ एवढंच कळेल. गिळा, नाक सोडा आणि नाकानं श्वास बाहेर टाका. मटार, पालक, गवत जे काही आहे ते आता एकदम येतं. ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंच नाकाचं असतं, हे पहिल्यांदा कळलं की लोक हसतात. मुलांनाही हा खेळ आवडतो, फक्त त्यांना माचाऐवजी लिंबू सरबत द्या.

दुसरा घोट न चिमटता. गिळल्यावर वीसपर्यंत आकडे मोजा आणि काय उरतं ते पाहा. कडू लवकर जातं की रेंगाळतं? शेवटी गोडसर झाक येते का? दोन घोटांमध्ये मुरमुरे, पाणी आणि किमान मिनिटभर विश्रांती हवीच. तुरटपणा घोटागणिक साठत जातो, त्यामुळे सलग चाखलं तर तिसरी पूड बिचारी विनाकारण वाईट ठरते.

शब्द कुठून आणायचे

परदेशी टेस्टिंगच्या तक्त्यांत आर्टिचोक आणि ॲस्परॅगस असतं. आपल्याला त्याचा काय उपयोग? स्वतःच्या ओट्यावरून शब्द घ्या, ते जास्त नेमके निघतात.

कडूसाठी तीन पायऱ्या धरा: मेथीची भाजी, कारलं, कडुनिंब. माचाचा कडवटपणा मेथीपाशी थांबला तर पेय जमलं. कारल्यापर्यंत गेला तर पाणी फार गरम होतं किंवा पूड हलकी आहे. कडुनिंबापर्यंत गेला तर डबा बाजूला ठेवा.

तुरटसाठी जांभूळ, आवळा, कच्ची सुपारी. द्राक्षाच्या हंगामात वाइनच्या काळ्या द्राक्षाची बी चावून पाहा, तोंडाच्या आतल्या कातडीला येतो तो कोरडेपणा हाच. चवीपेक्षा तो स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांना कॅटेचिन चिकटतात आणि तोंडातला गुळगुळीतपणा जातो.

वासासाठी सोललेला मटार, हरभऱ्याचे ओले घाटे, मक्याच्या कणसाची हिरवी पानं, पालक उकडलेलं पाणी, गव्हांकुराचा रस हे ताज्या बाजूचे. कडबा, पेंढा, जुन्या वह्यांचा कागद हे शिळ्या बाजूचे. चांगल्या माचात समुद्री शेवाळाची एक झाकही असते. सुकटीचा डबा उघडल्यावरच्या वासाचा तो अगदी फिका नातेवाईक. तो थोडा असणं हा दोष नाही.

राहिली ती रसाळ चव, उमामी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती वेगळी ओळखली. मटणाच्या अळणी पाण्याचा घोट घेतल्यावर मीठ नसतानाही तोंड भरल्यासारखं वाटतं, ती हीच. शाकाहारी असाल तर पिकलेल्या टोमॅटोचं सार आठवा, साखर न घातलेलं. माचात ही चव जिभेच्या मध्यावर पसरते आणि तोंडाला पाणी सुटतं. ती अजिबात सापडली नाही तर पूड सावलीतली आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

घट्टपणासाठी ताक, पेज, बासुंदी. एवढं पुरे.

तिसरी फेरी: एकत्र

२ ग्रॅम पूड, ३० मिली पाण्यात फेटलेली, आणि वर १५० मिली दूध. सगळ्या दुधांसाठी हेच प्रमाण ठेवा, नाहीतर तुलना बिनकामाची. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच गरम करा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. सोया त्यापुढे गेलं आणि त्यात आंबट काही पडलं की फाटतं. गुळानंही धोका असतो, जसा तो साध्या दुधात असतो.

आता मघाचे प्रथिनांचे आकडे. पहिल्या फेरीतलं सोया आणि बदाम शेजारी ठेवा आणि एकाच पुडीचा माचा दोन्हीत घाला. कॅटेचिन दुधाच्या प्रथिनांना चिकटतात, मग लाळेसाठी कमी उरतात. सोयात तुरटपणा गोल होतो. बदामात त्याला धरायला कोणी नसतं, म्हणून तोच माचा उघडा आणि कडवट लागतो. बदाम-माचा कडू लागला म्हणून लोक साखर ओततात. खरं तर पूड दीड ग्रॅमवर आणली की प्रश्न मिटतो. ओट मध्ये उभा असतो. प्रथिनं कमी, पण माल्टोजचा गोडवा आणि बरिस्ता पॅकमधलं तेल कडवटपणा झाकतात. मला विचाराल तर रोजच्या पेयाला ओट, आणि माचाची ओळख करून घ्यायला सोया. नारळात माचा घालून मी उन्हाळ्यात बर्फासह पितो, पण ते पेय मुळात नारळाचं असतं.

एकच कप तीन तापमानांना चाखा: गरम, कोमट आणि बर्फ घातलेला. गोडी जिभेला कोमट असताना जास्त कळते आणि थंडीत दबते. कडूपणा तेवढा दबत नाही. एप्रिलच्या उकाड्यात कॅफेतला थंड माचा "बरोबर गोड" लागावा म्हणून त्यात गरम कपापेक्षा जास्त साखर जाते. तोच ग्लास उरवून कोमट होऊ द्या आणि चाखा, पाक वाटेल. बर्फ वितळून पातळ होतं ते वेगळंच.

मग साखरेची पायरी. १०० मिलीचे तीन कप करा: एक कोरा, एकात अर्धा सपाट चमचा, एकात पूर्ण. कोऱ्यापासून सुरू करा. हिरवा वास कुठल्या कपात नाहीसा झाला, ते लिहून ठेवा. तुमची साखरेची हद्द त्याच्या अलीकडे. कोरा कप फार कडू वाटला तर साखरेआधी मिठाचे चार कण टाकून पाहा. सोडियम कडू चव दाबतं, म्हणूनच कारल्याला आपण मीठ चोळतो.

दोषही इथेच पकडा. ग्लासच्या कडेला हिरवे ठिपके म्हणजे चाळणं राहिलं. तळाला गाळ थोडा चालतो, कारण पूड विरघळत नाही, तरंगत असते. मागे पुठ्ठ्यासारखी चव उरली तर दुधातलं तेल खवट झालंय, दोष माचाचा नाही. सुरुवातीलाच केकचा वास आला तर व्हॅनिला आहे, आणि व्हॅनिला सहसा काहीतरी लपवायला आलेला असतो.

डोळ्यांना फसवून

दोन पॅकमधला महाग तुम्हाला खरंच वेगळा लागतो का, हे पाहायचं तर तिकडीची चाचणी करा. तीन पेले, दोघांत एकच पेय, तिसऱ्यात दुसरं. वेगळा कोणता ते ओळखायचं. इथे काचेचे ग्लास नकोत, स्टीलचे खोल पेले आणि मंद उजेड हवा, म्हणजे रंग चुगली करत नाही. पेल्यांना १, २, ३ असे नंबर देऊ नका. माणूस नकळत पहिल्याला झुकतं माप देतो. ४१७, ८६२, ९३५ असे काहीही तीन आकडी चिकटवा. ओतणाऱ्यानं चाखायला बसायचं नाही.

दोन पेयं तीन पेल्यांत मांडायचे क्रम नेमके सहा होतात, म्हणून सहा जण बसवणं सोयीचं. प्रत्येकाला वेगळा क्रम. सहापैकी पाच जणांनी बरोबर ओळखलं तर फरक खरा मानायला हरकत नाही, नुसत्या नशिबावर तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. चार बरोबर आले तर घाई करू नका, तेवढं नशिबानंही दहात एकदा घडतं. आणि घरातल्या मोठ्यांना जरूर बसवा. शेजारच्या काकू "अगं, हे पालकाचं पातळ सूप आणि हे मटाराचं" म्हणतात, तेव्हा त्यांनी जुनी आणि ताजी पूड अचूक वेगळी केलेली असते.

कॅफेत गेल्यावर

काउंटरवर तीन गोष्टी विचारा. माचा पुडीचा फेटून करता की प्रीमिक्स आहे? दूध कुठलं आणि ते आधीच गोड आहे का? साखर किंवा सिरप वेगळं देता येईल का? प्रीमिक्स असेल तर साखर आधीच आत आहे, वेगळं काही होणार नाही. पूड असेल तर डबा दाखवा म्हणायला लाजू नका, जिथे चांगली पूड वापरतात तिथे तो आनंदानं दाखवतात.

बर्फ वेगळ्या ग्लासात मागा. थर लावलेला ग्लास आला, वर हिरवा आणि खाली पांढरा, तर फोटो काढून झाल्यावर वरचा हिरवा थर एकटा चाखा. ती तुमची दुसरी फेरी, फुकटात. मग खालचं दूध स्ट्रॉनं. मग ढवळा. वीगन असाल तर एवढं विचारून घ्या, की दूध गरम करायची वाफेची नळी गाईच्या दुधानंतर पुसतात का. गर्दीच्या वेळी ती पुसली जाईलच असं नाही, तेव्हा थंड पेय मागवणं सोपं पडतं.